दाराला टेकवलेले स्टूल

रॅक सहज निघाला, आणि जोर लावायला सरसावलेला भक्तीचा हात फुकटच मागे गेला. इतक्या वर्षांत तो असा कधी निघाला नव्हता. मायनस एटीच्या, लॅबमधल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरच्या, सर्वांत खालच्या कप्प्यात बर्फ त्याला धरून बसलेला असे. जाड निळे हातमोजे चढवून, एक गुडघा फरशीला टेकून दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागे, आणि मग कडकडत, पांढरी वाफ सोडीत तो बाहेर येई. आज वाफ नव्हती. आवाज होता तो पाण्याचा, आत कुठेतरी एक थेंब सुटून दुसऱ्या थेंबावर पडल्याचा, घरच्या फ्रिजमध्ये येतो तसा घरगुती आवाज. तिने पुठ्ठ्याचा पहिला डबा उचलला तेव्हा त्याची कड अंगठ्याखाली दबली, चहात जास्त वेळ राहिलेल्या खारीसारखी. आपण चुकीचा रॅक ओढला असे तिला वाटले. मग झाकणावर तिचेच अक्षर दिसले, शाई फुटून जांभळे झालेले. दाराच्या वरच्या पट्टीवर लाल आकडे उणे चार दाखवीत होते. उणे ऐंशीच्या जागी उणे चार, आणि गजर गप्प, कारण कोणीतरी त्याचे बटण दाबून ठेवले होते. आणि ते स्टूल. आल्या आल्या तिला ते दारासमोर दिसले होते आणि तिने ते पायाने सारले होते, तोंडातल्या तोंडात पुटपुटत की ही काय स्टूल ठेवायची जागा आहे, या लोकांना वस्तू जिथली तिथे ठेवता येत नाही, कधीच येणार नाही. फरशीवर ते खरडत गेल्याचा आवाज अजून तिच्या दातांत होता.

त्या डब्यांत नाळेतले रक्त होते. दोन हिवाळ्यांचे. फरिदाबादच्या एका इस्पितळातल्या बाळंतिणींकडून, मूल जन्मल्यानंतरच्या त्या थोड्या मिनिटांत, दाई नाळ हातात धरून उभी असताना गोळा केलेले. बाहेर धूर इतका असे की इस्पितळाच्या आवारातले दिवे दुपारी लावलेले असत, आणि आत भक्ती बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली असे. श्वासातून आईच्या अंगात गेलेला धूर पोटातल्या बाळापर्यंत काय घेऊन जातो, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न. त्याचे उत्तर त्या रक्तातल्या आरएनएत होते, आणि आरएनए ही अशी वस्तू की एकदा वितळली की जुन्या सुतासारखी तुटत जाते. पुन्हा गोठवून जोडता येत नाही. त्यांचे नवे रक्त आणता आले नसते. ती मुले जन्मून गेली होती. ममता नावाच्या बाईचा मुलगा तर आता चालत होता. ममता वीटभट्टीवरून आली होती, संमतीच्या वेळी तिने एकच प्रश्न विचारला होता, "मैडम, इससे मेरे बच्चे का पता चलेगा ना?" आणि भक्तीने तिला नीट, हळू समजावले होते की तुझ्या एकट्या बाळाचे नाही कळणार, सगळ्यांचे मिळून कळेल. ममता हसली होती. सगळ्यांचे मिळून, म्हणजे कोणाचेच नाही, असे बहुधा तिला वाटले असावे. तरी तिने सहीसाठी हात पुढे केला होता. पुढच्या आठवड्यात हे सारे डबे तपासणीसाठी जायचे होते.

भक्ती तिथेच उकिडवी बसून राहिली. हातमोज्यातून पाणी मनगटावर उतरत होते. रडू येईल असे तिला वाटले होते. आला तो संताप, आणि तोही नवा नव्हे, रोजचा, ओळखीचा, जिना चढताना गुडघ्यात येणाऱ्या कळेसारखा. पिपेटच्या टिप्सचा डबा रिकामा करून तसाच शेल्फवर परत ठेवणारे. तराजूवर पांढरी भुकटी सांडून जाणारे, आणि ती साखर की विष हे पुढच्याने चाटून ठरवावे अशी अपेक्षा असणारे. घाणेरडे हातमोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ धरणारे. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटली की झाकण लावून चहाला जाणारे. या सर्वांचे मिळून एकच नाव होते, कोणीतरी. कोणीतरी घेतले असेल. कोणीतरी भरील. कोई कर देगा, यार. सहा जणांच्या त्या प्रयोगशाळेत हा सातवा माणूस सर्वांत जास्त राबत होता आणि त्याला कोणी पाहिलेले नव्हते. त्याच्या वाटणीचे काम भक्ती करीत आली होती. तिनेच पाळ्यांचा तक्ता केला, तिनेच तो प्लास्टिकमध्ये बसवून भिंतीवर लावला, तिनेच जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या, कृपया झाकण लावा, कृपया पाणी भरा. पोरांनी तिला मागे सूबेदारनी नाव ठेवले होते. ते तिच्या कानावर आले तेव्हा ती म्हणाली होती, बाप सुभेदार होताच माझा, खोटे काय आहे. पण त्या दिवशी दिल्लीच्या मेट्रोत, घरी द्वारकेपर्यंत, तिचा चेहरा काचेत तिला वाईट दिसत राहिला होता.

आणि शुक्रवार. शुक्रवार आठवला तशी ती उठून उभी राहिली. मायनस एटीच्या दारात, उंबऱ्याला, बर्फाची कड वाढत असे. ती दर आठवड्याला खरवडावी लागे, नाहीतर दार नीट बसत नसे. गेल्या आठवड्याची पाळी तिच्या सहकाऱ्याची, सुधन्वाची होती. शुक्रवारी संध्याकाळी तिने ती कड पाहिली होती, जिभेसारखी बाहेर आलेली, तिच्याच रॅकच्या पायाशी. खरवडणी बाजूच्या खिळ्याला लटकत होती. हात तिकडे गेलाही होता. मग तिने तो मागे घेतला. एकदा तरी राहू दे. एकदा तरी दिसू दे या माणसाला की मी नाही केले तर काय होते. तिने रॅक आत रेटला होता, तो बोटभर बाहेर राहिला असावा, दार खांद्याने ढकलून लावले होते आणि लिफ्टपर्यंत जाताना तिला फार दिवसांनी हलके वाटले होते. त्या हलकेपणाची चव आता तिच्या जिभेवर परत आली, नाण्यासारखी.

"काय झालं गं? दार उघडं टाकून काय उभी आहेस?" सुधन्वा दारात होता, गळ्यात मफलर, हातात कॅन्टीनचा चहा. पुण्याचा हा मुलगा, पीएच.डी. संपवून इथे आलेला, लॅबमध्ये मराठी बोलायला तिच्यासाठी एवढा एकच.

"चहा बाहेर ठेव."

"अगं, सकाळ झाली नाही अजून. लॅबची सासू झालीयेस तू." मग त्याने पट्टीवरचा आकडा पाहिला आणि चहा खरोखरच बाहेर ठेवून आला. "उणे चार? पण मी काल आलो होतो तेव्हा..."

"काल आला होतास?"

"पेशींना खाद्य घालायला. बोंबलत होता गजर. मी बंद केला."

"आकडा पाहिलास?"

"स्टूल लावलेलं होतं ना दाराला. मला वाटलं, कुणीतरी बघतंय."

"कुणीतरी," भक्ती म्हणाली.

मग वाकून त्याने ओला डबा पाहिला. "पण अर्धे नमुने दुसऱ्या मजल्यावर आहेत ना तुझे? नियमच आहे तो. माझे आहेत."

नियम तिलाही माहीत होता. तो तक्त्याखाली तिनेच टंकला होता. अर्धे इथे, अर्धे वरच्या मजल्यावरच्या फ्रीझरमध्ये. सर्वांनी तसे ठेवले होते, डबे रिकामे परत ठेवणाऱ्यांनीसुद्धा. तिने ठेवले नव्हते, कारण वरच्या मजल्यावरची माणसे इथल्याहून गबाळी, त्यांच्या हाती दोन हिवाळे द्यायचे म्हणजे काय. जे इथे होते ते तिच्या डोळ्यांसमोर होते. सुधन्वाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याला समजले, आणि त्याने काही म्हटले नाही याचाही तिला राग आला.

तिला आईचा जिना आठवला. दिल्ली कँटोन्मेंटमधले ते पिवळे क्वार्टर, चार बिऱ्हाडांत एक जिना, आणि झाडण्याची पाळी ठरलेली. समोरच्या बाई पाळीच्या दिवशी दार लावून रेडिओ ऐकत बसत. आई, शेवंता, काही न बोलता झाडू घेऊन वरपासून खालपर्यंत झाडून येई. लहान भक्ती कठड्याला धरून रागाने विचारी. आई, आज त्यांची पाळी आहे ना? मग तू का? आई म्हणे, "अगं, मग चढायचं कुणी त्या घाणीतून? आपणच ना?" यात काही शहाणपण आहे असे भक्तीला तेव्हा वाटले नव्हते आणि आताही वाटत नव्हते. आईची कंबर त्या जिन्याने गेली. समोरच्या बाईंनी निरोपाच्या दिवशी आईला मिठी मारून सांगितले होते की आपला जिना नेहमी किती स्वच्छ असायचा, आणि 'आपला' हा शब्द बाजूला उभ्या भक्तीने ऐकला होता. तेव्हाच तिने ठरवले होते की आपण आईसारखे मुक्याने झाडायचे नाही. सांगायचे. लिहून लावायचे. पण झाले होते ते इतकेच की ती आईसारखे झाडतही राहिली आणि वर बोलतही राहिली, आणि ज्या एका दिवशी तिने झाडू खाली ठेवला त्या दिवशी जिना तिच्याच अंगावर कोसळला.

फोन. राधाने तरी काही कळवले असेल. राधा शनिवारी येते. कर्नालजवळच्या गावातली, पहिल्या वर्षाची, वसतिगृहात शनिवारी करमत नाही म्हणून येते. भक्तीने लॅबचा ग्रुप उघडला. तो तिने कधीचा मुका करून ठेवला होता, शुभ सकाळच्या फुलांना आणि केकच्या फोटोंना कंटाळून; आठवड्यातून एकदा ती एकदम सारे वर सरकवून टाकत असे. शनिवारी ती पानिपतला होती. बाबांच्या पलटणीतली निवृत्त माणसे दरवर्षी काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, जातात, यंदा बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून ती सोबत गेली होती. धुके, भगवे झेंडे, महाराष्ट्रातून रात्रभर प्रवास करून आलेली पोरे, लाउडस्पीकर, आणि मफलरात गुंडाळलेले बाबा त्या स्मारकाच्या स्तंभासमोर टाचा जुळवून उभे. अंबादास सुभेदार आता द्वारकेच्या एका सोसायटीत सुरक्षारक्षकांवर देखरेख करतात आणि परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी पुन्हा तेच सांगितले होते, नव्या पोरांना पहारा बदलता येत नाही. बदली आला की जुना नुसता निघून जातो. आमच्यात तसं नव्हतं. जुन्याने म्हणायचं, पोस्ट तुम्हारी. नव्याने म्हणायचं, पोस्ट मेरी. त्याने म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही, मग पाऊस पडो की गोळी. "आणि त्यानं म्हटलंच नाही तर, बाबा?" तिने चेष्टेने विचारले होते. "तर उभं राहायचं," बाबा म्हणाले होते, जणू यात विचारण्यासारखे काही नव्हते. तिथेच, स्तंभापाशी, तिचा फोन वाजला होता. अनोळखी नंबर. कर्ज देऊ करणाऱ्या बायकांना ती इतकी विटली होती की न पाहता तिने तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

ग्रुपवर राधाचे तीन संदेश होते, सणाच्या पतंगांच्या चित्रांमध्ये अडकलेले. गुड मॉर्निंग सीनियर्स, मायनस एटी का दरवाज़ा ठीक से बंद नहीं हो रहा, नीचे वाला रैक बर्फ की वजह से थोड़ा बाहर है, भक्ती दीदी का है, क्या मैं उसे निकालकर बर्फ हटा दूँ? त्याखाली कोणाचा तरी पतंग. मग, भक्ती दीदी, प्लीज़ रिप्लाई, कॉल भी किया था. त्याखाली सुधन्वाचा वर केलेला अंगठा. कशासाठी, ते देवाला ठाऊक. मग शेवटचा. फ़िलहाल स्टूल लगाकर दरवाज़ा दबा दिया है. प्लीज़ कोई स्टूल मत हटाना.

भक्तीने तो शेवटचा संदेश वाचला आणि कोपऱ्यात खरडत गेलेल्या त्या स्टुलाकडे पाहिले. त्याचा एक पाय आखूड होता; त्याखाली कोणीतरी कागदाची घडी ठेवलेली असे, ती आता फरशीवर पडली होती. म्हणजे मुलीने घडी घालून, पाय समतोल करून, नीट विचार करून ते टेकवले होते. आणि रॅक आत ढकलला नव्हता. उंबऱ्यावरची बर्फाची कड फोडून बोटभर आत ढकलला असता तर सारे मिटले असते. एवढे पहिल्या इयत्तेतल्या पोरालाही कळते. मग का नाही? भक्तीची नजर दारावर गेली, जिथे तिची चिठ्ठी असायची. नव्हती. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे चार पिवळट ठसे होते आणि मध्ये स्वच्छ पांढरा चौकोन. सबसे नीचे वाला रैक भक्ती से पूछे बिना न छुएँ. ऑक्टोबरात लावली होती ती चिठ्ठी, राधा नवी होती तेव्हा, तिने जागा करायला एक डबा वरच्या कप्प्यात हलवला होता आणि भक्ती तिला सर्वांसमोर बोलली होती. काय बोलली होती ते तिला शब्दशः आठवत नव्हते. राधाचे कान लाल झाले होते ते आठवत होते.

हे कळताच लॅबच्या प्रमुख मॅडमनी सर्वांना बसायला बोलावले. लांब टेबल, मधोमध तिळाच्या लाडवांचा डबा, शुक्रवारी भक्तीनेच आणलेला, झाकण उघडे, आत दोनच उरलेले. राधा शेवटी आली, पांढऱ्या कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावून. या आठवड्यात तिच्या पहिल्या वर्षाचा आढावा होता. मॅडमनी चांगले लिहिले तर ती राहणार होती, नाहीतर कर्नालला परत, जिथे घरच्यांनी तिला एवढ्याच वर्षाची मुदत दिली होती. हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होते, तिच्या टेबलावरच्या देवाच्या छोट्या फोटोसारखे, ज्याबद्दल कोणी बोलत नसे.

"सैटरडे को लास्ट में कौन था?" मॅडमनी विचारले.

"मैं, मैम," राधा म्हणाली.

"दरवाज़ा खुला देखा था?"

"जी."

"तो रैक अंदर क्यों नहीं किया? दो मिनट का काम था. बर्फ तोड़ो, धकेलो, बंद करो. स्टूल? स्टूल क्या होता है, राधा? यह रिसर्च लैब है कि गाँव का गोदाम?"

राधाचा हात कोटाच्या खिशावर होता, आणि त्या खिशाच्या तोंडाशी भक्तीला प्लास्टिकची चकचकीत कड दिसली. चिठ्ठी. मुलीने मॅडम येण्याआधी ती काढून खिशात घातली होती. भक्तीला प्रथम जे वाटले ती कृतज्ञता नव्हती. माझ्या चिठ्ठीला हात कोणी लावायला सांगितला होता, असे तिला वाटले. रॅकला लावला नाहीस आणि चिठ्ठीला लावलास? आणि मग त्या रागाच्या पोटात दुसरा राग, अधिक गरम: ही मला वाचवते आहे. कालची पोर. मी गप्प बसले तर आज हिच्यावर जाईल, आढाव्यात दोन ओळी लागतील, आणि मी दरवेळी तिच्याशी गोड बोलून ते फेडत राहीन. समोर सुधन्वा कपाच्या कडेवर बोट फिरवीत होता. सगळे टेबल कोणीतरीची वाट पाहत होते. त्याने यावे आणि बोलावे.

"मैम, वहाँ नोटिस था," भक्ती म्हणाली. तिचा आवाज तक्रारीचा निघाला, नेहमीचा. दुसरा तिच्याकडे नव्हताच. "मेरा. कि रैक को कोई न छुए."

"कौन सा नोटिस? मैंने तो नहीं देखा."

"राधाच्या... राधा की जेब में है."

एक जण हसला आणि खोकल्यासारखे केले. राधाने चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, लाडवांच्या डब्याशेजारी. मॅडमनी ती उलटून पाहिली, जणू मागच्या बाजूला काही बरे लिहिलेले असेल.

"उसने ग्रुप पे पूछा था," भक्ती पुढे म्हणाली. "ग्रुप मैंने म्यूट किया हुआ है. फ़ोन भी किया, मैंने काट दिया. और बर्फ मैंने फ़्राइडे को देख ली थी. जानबूझकर छोड़ी थी."

"क्यों?"

"मेरी बारी नहीं थी."

मनात ते वाक्य कितीतरी मोठे होते. त्यात सारा पिवळा जिना होता, आईची कंबर होती, पाच वर्षांचे रिकामे डबे होते. बाहेर आल्यावर ते टेबलावर पडले आणि एखाद्या लहान मुलीचे असावे तसे दिसले.

"किसकी थी?"

"माझी," सुधन्वा म्हणाला, आणि मग सुधारून, "मेरी, मैम."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या रागावल्या नाहीत, थकल्या. राधाचा रिव्ह्यू ठरल्याप्रमाणे होईल, त्यात या गोष्टीचा संबंध नाही, असे त्या म्हणाल्या. भक्तीला मुदतवाढीसाठी अर्ज करावा लागेल. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नमुने. इस्पितळाशी त्या स्वतः बोलतील. मग उठता उठता, "और एक नया रोस्टर बना लो, ठीक से. भक्ती बना देगी." भक्तीने वर पाहिले. त्या थट्टा करीत नव्हत्या. लॅबमध्ये दुसऱ्या कोणाला तक्ता करता येत नव्हता, हे खरेच होते.

दुपारी डबे काढताना राधा तिच्याशेजारी येऊन बसली. "दीदी, हाथ लगाऊँ?"

"आता विचारतेस?" मराठीतच निघून गेले. मग भक्तीने श्वास घेतला. "लगा ना. इतना पूछती क्यों है हर बात में?"

"आपने ही तो..." राधा म्हणाली आणि थांबली, आणि दोघींना त्याच क्षणी हसू आले, मोठे नाही, नाकातून. राधाने रॅक धरला. दोघींनी एकेक डबा टाकाऊच्या लाल पिशवीत घातला. नळ्यांवर नावे नव्हती, आकडे होते, तरी ममताची कोणती ते भक्तीला माहीत होते. त्या दिवशी धूर इतका होता की रिक्षावाल्याने इस्पितळाचे फाटक ओलांडून पुढे नेले होते. आता ममताला फोन करून काय सांगायचे? की तुझ्या मुलाचे आणि इतरांचे मिळून जे कळणार होते ते बर्फाच्या एका कडेमुळे कळणार नाही, कारण पाळी माझी नव्हती? ममताला ते समजले असते. भट्टीवरही पाण्याच्या टाकीच्या पाळ्या असतील. नळी पिशवीत गेली. राधाने खरवडणीने उंबऱ्यावरची कड फोडली. ती एका तुकड्यात निघाली, वीतभर लांब, तिच्या हातात लगेच वितळू लागली. "इतनी सी थी," ती म्हणाली. दार बसले, त्या जड, चुंबकी आवाजासह. आकडा खाली जाऊ लागला, फार सावकाश.

सगळे आपापल्या टेबलांवर परतले आणि थोड्या वेळाने गजर पुन्हा वाजू लागला. आत इतकी ऊब शिरली होती की यंत्र धापा टाकीत होते आणि दाराचे जुने रबर मधूनच सुटत होते. शेजारच्या लॅबमधून कोणीतरी ओरडले, "अरे, कोई देखो यार!" भक्तीने मान वर केली. पाच पाठी क्षणभर थबकलेल्या तिला दिसल्या, पाच हात हवेत, पिपेट धरलेले. आणि सहावी पाठ तिची स्वतःची. ती वाट पाहत होती. सकाळपासून एवढे सगळे झाल्यावरही ती बसून वाट पाहत होती, सुधन्वा उठतो का याची. आणि तो, तिला खात्री होती, तिची.

"अरे सुधन्वा, उठ ना, पाळी तुझी होती!" ती किंचाळली, आणि किंचाळता किंचाळताच उठली. दारापाशी पोचली तर राधा आधीच तिथे पाठ टेकवून उभी होती, पायाने स्टूल जवळ ओढीत. भक्तीने ते घेतले, आखूड पायाखाली कागदाची घडी सारली, त्यावर बसली आणि दाराला पाठ लावली. कोटातून थंडी मणक्यात शिरली. आत यंत्र धडधडत होते. रबर दबले, गजर थांबला. "तू जा. तेरा रिव्ह्यू है, तैयारी कर."

राधा गेली. सुधन्वा आला, हात कोटाला पुसत. "अशी किती वेळ बसणार आहेस?"

"आकडा उतरेपर्यंत."

"अगं, संध्याकाळ होईल. मेकॅनिक येतोय उद्या. ऊठ, बसतो मी. सॉरी म्हटलं ना."

"म्हटलं नाहीस."

"बरं, सॉरी. ऊठ आता."

ती उठली नाही. पाठीमागून गारवा येत होता आणि समोर हा माणूस उभा होता, अर्धा ओशाळलेला, अर्धा घाईत, ज्याच्या हाती दार दिले तर तो दहा मिनिटांत चहाला जाईल. जाईलच. "म्हण, दार माझ्याकडे."

"काय?"

"म्हण. त्याशिवाय मी हलणार नाही."

तो हसला. ती हसत नाही असे पाहून थांबला. वळून त्याने इतरांकडे पाहिले. सगळे आपल्या कामात इतके मग्न होते की त्यांना सारे ऐकू येत होते. "दार माझ्याकडे," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"दार माझ्याकडे आहे, सूबेदारनी!"

भक्ती उठली, पण पाठ दाराला टेकवूनच, तिरकी सरकत. आणि त्याची पाठ टेकेपर्यंत तिने आपली काढली नाही.